प्राणवायूची चाहूल घेणारे प्रथिन

सातपुड्यातील सिकलसेलच्या रुग्णाची वेदना आणि २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले मूलभूत संशोधन यांना जोडणारा धागा एकच आहे, तो म्हणजे प्राणवायूची कमतरता. ही कमतरता पेशीला कळते कशी, ती कळवणारे 'हिफ' हे प्रथिन प्रयोगशाळेत कसे तयार केले जाते आणि त्यातून सिकलसेलच्या रुग्णांना काय मिळू शकेल, याचा हा आढावा.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर प्राणवायूसाठी धावाधाव सुरू असताना नंदुरबारचे नाव अनपेक्षितपणे सर्वत्र झळकले. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय पदवीधर. त्यांच्या पुढाकाराने या जिल्ह्यात सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला होता आणि पुढे त्यात आणखी प्रकल्पांची भर पडली. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाबाखालील हवा झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजातून सोडली की नायट्रोजन त्यात अडकतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा ऑक्सिजन नळीवाटे थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत नेता येतो. मोठ्या शहरांतून येणाऱ्या टँकरची वाट पाहण्याची वेळ त्यामुळे टळली.

मात्र नाकातोंडाशी पोहोचलेल्या ऑक्सिजनचा पुढचा प्रवास बराच लांबचा असतो. फुफ्फुसातून रक्तात, रक्तातील तांबड्या पेशींवर स्वार होऊन केशवाहिन्यांत आणि तेथून शरीराच्या कोट्यवधी पेशींत तो पोहोचला, तरच त्याचा उपयोग. या प्रवासात कोठेही अडथळा आला, तर बाहेर कितीही ऑक्सिजन असला तरी आतली पेशी गुदमरते. नंदुरबार जिल्ह्यातील हजारो कुटुंबांना हा अडथळा करोनाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. त्याचे नाव सिकलसेल.

सातपुड्यातील जुने दुखणे

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांहून अधिक असून त्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची आदी समाज येथे राहतात. महाराष्ट्रातील सिकलसेलच्या प्रसाराविषयी डॉ. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, भिल्ल आणि पावरा यांच्यासह राज्यातील काही आदिवासी समाजांत या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे नोंदवले होते. सिकलसेलचे मोठ्या संख्येने रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत विदर्भातील जिल्ह्यांबरोबर नंदुरबारचाही समावेश त्यात होता. आदिवासी भागांतील या कार्यासाठी डॉ. काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सिकलसेल हा संसर्गाने होणारा आजार नव्हे. तो आईवडिलांकडून जनुकांवाटे येतो. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, एवढाच काय तो दोष. १९१० मध्ये शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवून दिले आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, ते शोधून काढले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष प्रथम आढळला.

एका अमिनो आम्लाच्या बदलाने एवढे घडते कसे, याचे उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. सदोष हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असेपर्यंत पेशी गोल आणि लवचिक असते. ऑक्सिजन सोडून दिला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोरे तयार करतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पलीकडच्या ऊतींना ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि हाडे, सांधे, पोट, छाती यांत असह्य वेदना उठतात. जेथे ऑक्सिजन कमी तेथे पेशी वाकते, आणि पेशी वाकली की ऑक्सिजन आणखी कमी होतो, असे हे दुष्टचक्र आहे. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर विळ्याच्या आकाराची पेशी जेमतेम १० ते २० दिवसांत नष्ट होते. त्यामुळे रुग्णाला कायमचा रक्तक्षय जडतो.

हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्यामागे हिवतापाचा वाटा आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या, म्हणजे 'वाहक' असलेल्या व्यक्तीला फाल्सिपेरम प्रकारच्या गंभीर हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. जंगलपट्ट्यात हिवतापाने मुले दगावत असताना वाहक मुले अधिक संख्येने जगली आणि त्यांच्यासोबत हे जनुकही जगले.

पेशीला कळते कसे?

ऑक्सिजन कमी पडला की शरीर स्वस्थ बसत नाही. श्वास जलद होतो आणि हृदयाची गती वाढते, हे झाले तातडीचे उपाय. त्याहून खोल आणि दीर्घकालीन तजवीज प्रत्येक पेशीच्या आत होत असते. तिचा सूत्रधार म्हणजे 'हायपॉक्सिया-इंड्युसिबल फॅक्टर', संक्षेपाने 'हिफ' हे प्रथिन. हायपॉक्सिया म्हणजे ऑक्सिजनची कमतरता.

हिफचे दोन भाग असतात. बीटा भाग पेशीत सदैव हजर असतो. अल्फा भागाची गोष्ट मात्र निराळी आहे. 'हिफ-१ अल्फा' हे ८२६ अमिनो आम्लांचे प्रथिन पेशी अखंड तयार करत राहते आणि ऑक्सिजन मुबलक असेल, तर ते अवघ्या काही मिनिटांत नष्टही करते. एखादी वस्तू सतत बनवायची आणि लगेच मोडून टाकायची, हा वरकरणी अपव्यय वाटतो. प्रत्यक्षात तो सज्जतेचा उत्तम नमुना आहे. संकट आल्यावर प्रथिन बनवायला घेण्यापेक्षा, बनत असलेल्या प्रथिनाची मोडतोड थांबवणे कितीतरी जलद होते.

मोडतोड कोणत्या प्रथिनाची करायची, हे ऑक्सिजनच ठरवतो. 'पीएचडी' या गटातील एन्झाइमे हिफ-अल्फावरील ४०२ व्या आणि ५६४ व्या स्थानांवरच्या प्रोलिन या अमिनो आम्लांना ऑक्सिजनचा अणू जोडतात. यांतील 'पीएचडी-२' हे सर्वांत महत्त्वाचे. या कामासाठी त्यांना ऑक्सिजनबरोबर लोह आणि '२-ऑक्सोग्लुटारेट' हा पेशीतील नित्याचा पदार्थ लागतो. अशी खूण झालेले हिफ 'व्हीएचएल' नावाचे दुसरे प्रथिन ओळखते, त्यावर नाशाची चिठ्ठी लावते आणि पेशीतील प्रथिने मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, चिठ्ठी लागत नाही आणि हिफ-अल्फा साचत जाते. मग ते केंद्रकात शिरते, बीटा भागाशी जोडी जमवते आणि शेकडो जनुकांना जागे करते. मूत्रपिंडात 'एरिथ्रोपोएटिन' म्हणजे 'ईपीओ' हे संप्रेरक वाढते आणि अस्थिमज्जेला अधिक तांबड्या पेशी घडवण्याचा आदेश मिळतो. या विशिष्ट कामात हिफचा भाऊबंद 'हिफ-२' याचा वाटा मोठा असतो. अन्यत्र नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि पेशी ऑक्सिजनविना साखरेतून ऊर्जा मिळवण्याकडे वळते.

येथे एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रकच नसते. त्यामुळे नवी जनुके जागी करून स्वतःचा बचाव करणे तिला शक्य नसते. तिच्या वतीने ही सारी धडपड मूत्रपिंड, रक्तवाहिन्या आणि अस्थिमज्जा यांतील पेशींना करावी लागते.

तीन शास्त्रज्ञ, एक कोडे

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ग्रेग सेमेन्झा ईपीओच्या जनुकाचा अभ्यास करत होते. या जनुकाशेजारच्या डीएनएच्या तुकड्याला ऑक्सिजन कमी असतानाच चिकटणारे काहीतरी आहे, हे त्यांना १९९२ च्या सुमारास आढळले. १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ याच प्रश्नामागे होते. बोस्टनचे विल्यम केलिन मात्र कर्करोगाच्या वाटेने येथे पोहोचले. व्हीएचएल जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत विशिष्ट गाठी होतात आणि त्या गाठींतील पेशी ऑक्सिजन असूनही तो नसल्यासारख्या वागतात, हे त्यांच्या लक्षात आले. २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्रोलिनवरील खुणेचे रहस्य उलगडले. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

जिवाणूंच्या पोटी मानवी प्रथिन

काही मिनिटांत नष्ट होणारे प्रथिन माणसाच्या ऊतींतून अभ्यासापुरते गोळा करणे अत्यंत दुरापास्त असते. अशा वेळी पुनर्संयोजित डीएनए तंत्र उपयोगी पडते. हिफसाठीचे मानवी जनुक किंवा त्याचा हवा तेवढा भाग डीएनएच्या लहानशा वर्तुळात बसवला जातो. हे वर्तुळ ई. कोलाय या जिवाणूत अथवा कीटकांच्या पेशींत सोडले जाते. जिवाणू वाढत जातो आणि आपल्या प्रथिनांबरोबर हे परके प्रथिनही बनवत राहतो. हिफवर खूण करणारी मानवी यंत्रणा ई. कोलायकडे नसल्यामुळे ऑक्सिजन असूनही हिफ त्या कारणाने नष्ट होत नाही. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे एक शेपूट जोडलेले असते. पेशी फोडून तयार केलेला द्रव निकेलयुक्त नळीतून सोडला की ते शेपूट निकेलला धरून ठेवते आणि बाकीचे वाहून जाते. अशा रीतीने मिळालेले 'पुनर्संयोजित मानवी प्रथिन' अतिशीत तापमानात साठवून सूक्ष्म मात्रांत संशोधकांना पुरवले जाते.

हे प्रथिन औषध म्हणून टोचण्यासाठी नसते. त्याचा उपयोग औषध शोधण्यासाठी होतो. परीक्षानळीत पुनर्संयोजित पीएचडी-२ आणि हिफचा तुकडा एकत्र ठेवायचा, त्यात एकेक रसायन घालायचे आणि कोणते रसायन खूण करण्याची क्रिया रोखते, ते पाहायचे. माणसाला वा प्राण्याला स्पर्शही न करता अशा प्रकारे असंख्य रसायनांची चाळणी करता येते.

पुनर्संयोजित प्रथिन स्वतःच औषध ठरल्याची उदाहरणेही आहेत. मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये जिवाणूंकरवी तयार होऊन बाजारात आले. ईपीओची कहाणी अधिक कष्टाची आहे. १९७७ मध्ये शिकागोतील यूजिन गोल्डवासर यांनी तीव्र रक्तक्षय झालेल्या रुग्णांच्या अडीच हजार लीटरहून अधिक मूत्रातून काही मिलिग्रॅम ईपीओ मिळवले. त्याचे जनुक १९८५ मध्ये हाती आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत पुनर्संयोजित ईपीओला मान्यता मिळाली. ईपीओवर साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागतात. जिवाणूंना ते काम साधत नसल्याने ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवले जाते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर या इंजेक्शनने क्रांती घडवली.

गोळीच्या रूपात सातपुड्याची हवा

ईपीओ बाहेरून टोचण्याऐवजी शरीरालाच ते बनवायला लावता आले तर? पीएचडी एन्झाइमला थोडा वेळ रोखले, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही हिफ साचेल आणि शरीर उंच डोंगरावर असल्याप्रमाणे तांबड्या पेशी वाढवू लागेल. अकराशे मीटरहून अधिक उंचीवरील तोरणमाळला हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. त्याहून कितीतरी उंच पर्वतांवर गेल्यावर जे घडते, ते ही औषधे घरबसल्या घडवतात. या औषधांचे रेणू २-ऑक्सोग्लुटारेटसारखे दिसतात, एन्झाइममध्ये त्याची जागा अडवून बसतात आणि खूण करण्याचे काम खोळंबते.

या गटातील रोक्साडुस्टॅट या औषधाला डिसेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये प्रथम मान्यता मिळाली. भारतात अहमदाबादच्या झायडस कंपनीने विकसित केलेल्या डेसिडुस्टॅटला मार्च २०२२ मध्ये मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारातील रक्तक्षयासाठी मान्यता मिळाली. ईपीओचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते. ही मात्र तोंडाने घेण्याची गोळी आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांपर्यंत औषध पोहोचवायचे झाल्यास हा फरक किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

सिकलसेलचा दुहेरी पेच

मग हीच गोळी सिकलसेलच्या रुग्णाला का देऊ नये? प्रश्न साधा असला तरी उत्तर सरळ नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात ऑक्सिजनची ओढाताण आधीपासूनच असते. त्याचे मूत्रपिंड बहुधा जादा ईपीओ सोडतच असते आणि अस्थिमज्जाही जिवाच्या आकांताने पेशी घडवत असते. परंतु घडणाऱ्या पेशीही सदोष हिमोग्लोबिनच्याच असतात. केवळ त्यांची संख्या वाढवली तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचा धोका वाढू शकतो. शिवाय या गटातील औषधांबाबत रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा दिला जातो आणि सिकलसेलच्या रुग्णात गुठळ्यांचा धोका मुळातच अधिक असतो. हिफ कर्करोगाच्या गाठींनाही रक्तपुरवठा मिळवून देऊ शकते. म्हणूनच व्हीएचएल आजारातील गाठींसाठी नेमके उलट काम करणारे, म्हणजे हिफ-२ ला रोखणारे बेल्झुटिफान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

आशेचे कारण दुसरीकडे आहे. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. हे गर्भ-हिमोग्लोबिन सदोष रेणूंचे दोरे तयार होण्यात अडथळा आणते. सिकलसेलचा त्रास तान्हेपणी सहसा दिसत नाही, तो यामुळेच. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात, हिफ-१ अल्फा साचल्यावर गॅमा साखळीचे निद्रिस्त जनुक पुन्हा जागे होते, असे दिसून आले. म्हणजे हिफ वाढवण्याने पेशींची केवळ संख्याच नव्हे, तर त्यांची प्रतही सुधारण्याची शक्यता आहे. या पार्श्वभूमीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि झायडस यांनी २०२४ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवर डेसिडुस्टॅटची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी घेण्यासाठी हात मिळवले. चाचणी म्हणजे मान्यता नव्हे. २०१९ मध्ये गाजावाजा होऊन आलेले व्होक्सेलोटर हे सिकलसेलचे औषध, रुग्णांच्या सुरक्षिततेविषयी शंका उपस्थित झाल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले होते. या अनुभवाचा विसर पडता कामा नये.

आज हाती काय आहे?

नवी औषधे येतील तेव्हा येतील, पण आज उपलब्ध असलेले उपायही मोलाचे आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली असून भारतातही ते वापरले जाते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्ततपासणी करून घ्यायचे असते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या, मुलांचे लसीकरण आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार यांनीही आयुष्य वाढते.

पाणी भरपूर पिणे हा उपदेश सामान्य वाटतो, पण त्यामागे शास्त्र आहे. शरीरातील पाणी घटले की तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन अधिक दाट होते आणि दोरे लवकर तयार होतात. अतिश्रम, कडाक्याची थंडी आणि ताप यांमुळेही झटका येऊ शकतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत पहाटेची थंडी, दिवसभराचे कष्ट आणि अपुरे पाणी हे सारे एकाच वेळी वाट्याला येते. अशा कुटुंबातील रुग्णाने औषधांचा साठा आणि तपासणीचे कागद सोबत नेणे अगत्याचे ठरते. छातीत दुखणे, धाप लागणे, जोराचा ताप, अचानक पोट फुगणे किंवा हातापायातील शक्ती जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. घरगुती उपायांत तास दवडणे जिवावर बेतू शकते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी सोपी आहे. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते. ती सदोष आल्यास पुढील चाचणीतून ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित होते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. वाहक असणे हा आजार नाही आणि कमीपणाही नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. तो दर वेळी तेवढाच राहतो. म्हणून विवाह ठरवण्यापूर्वी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, दोघांनीही तपासणी करून घेणे हिताचे आहे.

ऑक्सिजनची चाहूल घेणारे प्रथिन ओळखण्यापासून त्यावर बेतलेली पहिली गोळी मान्य होईपर्यंत सुमारे २५ वर्षे गेली. सिकलसेलच्या रुग्णासाठी त्या ज्ञानाचा उपयोग होईल की नाही, हे चाचण्या ठरवतील. जवळच्या आरोग्य केंद्रात रक्ताचा एक थेंब तपासून घेण्यासाठी मात्र कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.